एंटरटेन म्हणजे नेमकं काय करायचं?

चिंचवड,
१२ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप सदाशिवमामांस,

प्रभाकरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा या थंडीत कुरकुरत असेल. मामी शेक देत असतीलच. आम्ही सर्व खुशाल आहोत. (तुमची सूनबाई पद्मजा माझ्याशी बोलत नाही, पण तिची प्रकृती उत्तम आहे. कारण पुढे येईल.)

तुम्ही वाईच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलंत आणि मला तर सुट्टीतही सोडलं नाहीत. एंटरटेन म्हणजे करमणूक करणे, हे तुमच्याच ओसरीवर बसून मी घोकलं. पुढे या पंपांच्या कारखान्यात हेडक्लार्क झालो, तर इथे त्या शब्दाचं भलतंच चाललेलं. आमचे नवे मॅनेजर राघवनसाहेब मद्रासकडचे. न पटलेल्या अर्जावर ते 'एंटरटेन करता येत नाही' असा शेरा मारतात, त्यामुळे कामगारांत त्याचा अर्थ 'मंजूर करणे' असा पक्का झालाय. फाउंड्रीतले मोशीचे दौलतराव रात्रपाळी सुटावी म्हणून सारखे अर्ज देतात आणि मला विचारतात, "भाऊसाहेब, या टायमाला तरी एंटरटेन व्हतंय का न्हाई?"

तर गेल्या गुरुवारी लखनौहून खरेदीचे दोन अधिकारी आले. त्यांची ऑर्डर मिळाली नाही तर तिसरी पाळी बंद होणार, हे गेटवरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. नेमके राघवनसाहेब मुंबईत अडकले. त्यांचा ट्रंक कॉल आला आणि घरघरीतून एवढंच ऐकू आलं, की मी येईपर्यंत पाहुण्यांना एंटरटेन करा. पुढे लाइन तुटली. आता सांगा मामा, मी तुमच्या अर्थाने त्यांची करमणूक करायची, की कारखान्याच्या अर्थाने ते मागतील ते मंजूर करायचं? डिक्शनरी उघडली तर तिथे तिसराच अर्थ, पाहुणचार करणे. पद्मजाला विचारायला घरी गेलो, तर ती म्हणाली, "लांबून माणसं आलीत, आधी जेवायला घाला. अर्थ मागाहून बघा." मी तिन्ही करायचं ठरवलं. एखादा तरी बरोबर निघेल.

पिठलं-भाकरी आणि ठेचा यांवर पाहुणे खूश झाले. (ठेच्यानंतर दोघांनी तांब्याभर पाणी संपवलं, त्याला मी खुशीच समजलो.) मग त्यांतले वयस्कर चतुर्वेदी म्हणाले, चार महिने फार होतात, माल दोन महिन्यांत द्याल का? मी म्हटलं, देऊ. त्यांच्या जोडीदाराने ते वहीत टिपलं. हमीची मुदत दुप्पट? करू. पंप नादुरुस्त झाला तर लखनौला माणूस पाठवाल? पाठवू. चतुर्वेदींनी हात धुता धुता इंग्रजीत सांगितलं, की आता ते गंभीर शंका एंटरटेन करत आहेत. लखनौचे लोक आदबशीर असतात हे ऐकून होतो, पण शंकांचाही पाहुणचार करतात हे नव्हतं ठाऊक. मनात बाळगणे हा चौथा अर्थ ध्यानात आला तेव्हा मात्र तिसऱ्या पाळीतली सगळी माणसं डोळ्यांपुढे उभी राहिली.

तेवढ्यात पद्मजा तिच्या हिंदीत म्हणाली, "इनका हाँ मत लिखो. इनको ना बोलनाच नहीं आता. बड़े साहब को आने दो." चतुर्वेदी तिच्याकडे वळून म्हणाले, या घरात निदान एक माणूस भरवशाचं आहे. त्यांनी वहीत लिहिलेलं सगळं खोडायला लावलं.

मला एकदम हलकं वाटलं. आता करमणूक तेवढी राहिली होती. दौलतरावांना बोलावलंच होतं. ते चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या लिलावाची हुबेहूब नक्कल करतात. त्यांनी आमच्याच कोपऱ्यातलं कांद्याचं पोतं पुढे ओढलं आणि असा पुकारा सुरू केला, की शेजारचे दारात जमले. एक अक्षर कळत नसताना चतुर्वेदी बोली चढवत गेले, आणि लिलाव त्यांच्यावर सुटला. (पोतं खरोखरच लखनौला गेलं. पद्मजाच्या अबोल्याचं कारण हेच.)

या हसण्याच्या कल्लोळात राघवनसाहेब दारात येऊन उभे राहिलेले कुणाला दिसलेच नाहीत. हातात बॅग, आणि मराठी कळत नसल्याने इतरांकडे बघून, जरा उशिराने, हसत होते. मला फार चुटपुट लागली.

तीन महिन्यांच्या मुदतीवर ऑर्डर मिळाली. तिसरी पाळी वाचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून, झाल्या प्रकाराची आपण कोणतीही सबब एंटरटेन करणार नाही, असं बजावलं आणि मग हळूच विचारलं, "व्हॉट वॉज दौलतराव सेइंग?" मी भाषांतर करून सांगितलं. दोघांनाही हसू आलं नाही. दौलतरावांना मात्र दिवसपाळी मिळाली, आणि ते मोशीभर "एंटरटेन झालो" म्हणून सांगत फिरतायत.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
प्रभाकर

ता. क. राघवनसाहेबांना मराठी शिकायचं आहे. आठ दिवसांची रजा काढून ते वाईला तुमच्याकडे येत आहेत. तुम्ही फार प्रेमळपणे शिकवता, असं मी त्यांना सांगितलंय. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

ता. क. २. टपालाला उशीर होईल म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. त्यांना अजून अक्षरओळख नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिलं. बाराखडी सुरू करण्याआधी पत्र तेवढं चुलीत घालावं.