शुक्रवारचं तिकीट

जेल रोड, नाशिक रोड
रविवार, १४ जून

प्रिय मंजूताई,

सप्रेम जय भीम.

पाकीट बघून हसली असशील. लहानपणी आई मला मामांना पोस्टकार्ड लिहायला बसवायची, तेव्हा ‘इकडे सर्व ठीक आहे’ याच्या पुढे माझी गाडी कधी सरकली नाही. तर इकडे सर्व ठीक आहे. पाणी एक दिवसाआड येतं. मोतीराम मामांचा गुडघा दुखतो आणि त्याची खबर कॉलनीतल्या प्रत्येक घरात पोचलेली आहे. आयुषला सांग, सातवीत गेला म्हणून मामाला विसरायचं नाही.

फोनवर तू दुकानाचं विचारतेस आणि मी ‘चाललंय’ म्हणून विषय बदलतो. आज नीट सांगतो. दुकान जोरात चाललंय. तू आणलेला गेम खेळायचा नवा कन्सोल मोठ्या टीव्हीला जोडलाय. तिकडची जाड पिन आपल्या सॉकेटमध्ये बसेना, मग अडॅप्टर आणला. गेम विकत घ्यायला गेलं की किमती दिरहममध्ये दिसतात, आणि गणितात नापास होणारी पोरं तोंडी गुणाकार करून मला रुपये सांगतात. देवळाली कॅम्पातून येतात, काल दोघं ओझरहून बसने आले. भारतात तो अजून विक्रीला यायचाय. पलीकडच्या गल्लीतल्या भिकनने त्याच्या गेम पार्लरसाठी इथल्या किमतीत बुक केलाय, पण तोवर नाशिक रोडला तो फक्त माझ्याकडे आहे. माझ्या तिन्ही जुन्या टीव्हींसमोरच्या खुर्च्यासुद्धा भरलेल्या असतात, कारण पोरं नंबर लागेपर्यंत तिथे बसून खेळतात.

दुकान चाललंय, आणि तेच मला बघवत नाही.

झालं, नमनालाच घडाभर तेल गेलं. ताई, मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की दाजींशी तू दोन आठवडे बोलली नाहीस, आयुषच्या खोलीत झोपतेस. ‘ह्यांनी थांब म्हटलं नसतं तर मी सोमवारीच निघाले असते, आई भेटली असती,’ म्हणालीस. आणि ऑगस्टमध्ये आयुषला घेऊन कायमची इकडे येणार आहेस, त्याच्यासाठी शाळा बघून ठेव म्हणालीस. मी ‘बघतो’ म्हणालो. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू आधी ‘जेवलास का’ विचारतेस आणि माझं अवसान तिथेच गळतं.

आता सगळं जसं झालं तसं लिहितो.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी दुकानावर बॅनर लावला होता. ‘नाशिकमध्ये सर्वप्रथम! नवा कन्सोल २३ मेपासून!’ शेजारी माझा फोटोही होता, गॉगल लावलेला. भारतातही तो तेव्हाच मिळेल आणि किंमत जुन्यापेक्षा थोडी जास्त असेल, असा माझा अंदाज. बारा तारखेला कंपनीने भारताचं जाहीर केलं. तारीख दोन महिने पुढची, आणि किंमत सत्तर हजारांच्या वर. तोच डबा तुमच्याकडे अठ्ठेचाळीस हजारांत, तोही एकवीस तारखेला. एकाच कारखान्यातून निघालेली वस्तू, पण आपल्या वाट्याला महाग आणि उशिरा. मी दोन दिवस त्या कंपनीला शिव्या घातल्या. पोरं दुकानात येऊन विचारायची, “संघादादा, तेवीसला नक्की ना?” भिकन येता-जाता बॅनर वाचून हसायचा. बॅनर उतरवला असता तर काय झालं असतं? चार दिवस हसं झालं असतं. तेवढंच.

तुझं इकडे यायचं तिकीट सोमवारचं होतं, अठरा तारखेचं. रविवारी दुपारी मी फोन केला. तू पहिल्यांदा विचारलंस, “आई कशी आहे?” मी म्हणालो, “एकदम बरी. आत्ताच झोपलीये.” मग म्हणालो, चार दिवस थांब, शुक्रवारचं तिकीट कर, गुरुवारी कन्सोल विकत घे आणि तो घेऊनच ये. तू कां-कूं करत होतीस. दाजी मागून म्हणाले, “भाऊ एवढा म्हणतोय, आणि आई बऱ्या आहेत, तर थांब ना.” दाजींचा गुन्हा एवढाच, की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तो फोन मी हॉस्पिटलच्या जिन्यातून केला होता. आईला शनिवारीच ॲडमिट केलं होतं. रविवारी सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “जवळचं कोणी बाहेरगावी असेल तर बोलावून घ्या.”

‘मंजूला कळवू नको असं आईनेच सांगितलं होतं,’ हे मी नंतर तुला, मामांना, सगळ्यांना सांगितलं. आई असं काही म्हणाली नव्हती. आपल्या बाजूने बोलायला ती आता नाही, म्हणून मी तिच्या नावावर खपवलं.

जानेवारीतही डॉक्टर असंच म्हणाले होते, आणि आठव्या दिवशी आई घरी येऊन भाकऱ्या थापत होती, हे खरं आहे. यावेळीही तसंच होईल असं मी स्वतःला समजावलं, हेही खरं आहे. पण ताई, मला शंभर टक्के खात्री असती, तर मी जिन्यात जाऊन हळू आवाजात बोललो नसतो.

गुरुवारबद्दल लिहायचं राहिलंय. इथे आल्यावर पेन खाली ठेवून दोनदा चहा करून आलो.

तुझ्या ऑफिसला रजेसाठी हॉस्पिटलचा कागद हवाय. तू तीनदा मागितलास. मी एकदा म्हणालो सापडत नाही, एकदा म्हणालो झेरॉक्सचं दुकान बंद आहे. जेल रोडला एका हाकेवर पाच झेरॉक्सची दुकानं आहेत. कागद सोबत जोडलाय. त्यावर वेळ लिहिलेली आहे. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

मी तुला सांगितलं होतं, सात वाजता गेली.

चारच्या आधी तुझा मेसेज आला होता. ‘रांगेत तेरावी आहे. आईला सांग, उद्या येतेय.’ पुढे हसरा चेहरा. तो मी आईला वाचून दाखवणार होतो, तेवढ्यात नर्सने मला बाहेर काढलं. मग डॉक्टर बाहेर आले. आणि ताई, माझ्या मनात पहिला विचार हा आला की आत्ता सांगितलं तर ही रांग सोडेल. रडू नंतर आलं. हॉस्पिटलवाले म्हणाले, बॉडी मिळायला तीन तास लागतील. मी म्हणालो, लागू द्या. बाकावर बसून राहिलो. मामांनाही कळवलं नाही, कारण ते लगेच तुला फोन करतील हे मला माहीत होतं. आपल्याकडे सात वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा तुझा फोटो आला, हातात डबा, खाली ‘मिळाला!!’ त्यानंतर मी तुला फोन केला.

चारला सांगितलं असतं तर तुला संध्याकाळचं विमान मिळालं असतं. पहाटेपर्यंत तू घरी असतीस. पहाटेचं विमान पकडून तू निघालीस, तेही लेट झालं. मे महिन्याचा उकाडा, मामा म्हणाले आता थांबता येणार नाही, आणि अकराला आम्ही आईला अमरधामला नेलं. तू दुपारी एक वाजता आलीस. आम्ही अंघोळी करून ओट्यावर बसलो होतो. तू घरात जाऊन सगळ्या खोल्या बघितल्यास, बाहेर आलीस आणि मलाच जवळ घेऊन म्हणालीस, “एकट्याने सगळं केलंस रे.” आईच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले त्या दिवशीही चार लोकांसमोर तेच म्हणालीस. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

आता तरी दाजींशी बोल. त्यांना हे पत्र दाखव. आयुषची शाळा मी इकडे बघणार नाही. मी केलेल्या गोष्टीपायी तुझा संसार मोडताना मला बघायचा नाही. इकडे यायचंच असेल तर माझ्याशी भांडायला ये, आणि भांडून झालं की घरी परत जा. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण मी तक्रार करणार नाही.

आणखी एक आहे. हे कुठल्याही कागदावर नाही आणि आपल्या घरात माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी लिहिलं नाही तर तुला कधीच कळणार नाही.

सोमवारी सकाळी आईने मास्क बाजूला केला आणि विचारलं, “मंजू आज येनार व्हती ना रे?”

मी म्हणालो, “शुक्रवारी येतेय. तिला सुट्टी नाही मिळाली.”

आईने मास्क पुन्हा नाकाशी धरून दोन श्वास घेतले. मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे मग. परक्या मुलखातली नोकरी हाय, लय कडक असत्यात ते लोक. तू तिला काय बोलू नको, संघा. तिला लय वाईट वाटत आसंल.”

पुढचे तीन दिवस वॉर्डातल्या नर्सना, आयांना ती हेच सांगत होती. तुझी बाजू घेत होती. ताई, आई तुझ्यावर रागावून गेली नाही. ती तुला माफ करून गेली, आणि तू तर काहीच केलं नव्हतंस.

तुझ्या रागाचा खरा धनी,
संघपाल