ताईशेजारची रिकामी जागा

जबलपूर, रविवार संध्याकाळ, १९६५

लढाईमुळे फॅक्टरीत आज रविवारचीही पाळी होती. दांडी मारून मिस्साला गेलो. वसंताशी कोर्टात लग्न केल्यापासून ताई आज पहिल्यांदाच चर्चमध्ये आली. बायकांच्या बाजूला बसली, तर सगळ्या सरकल्या! शेजारी दोघी बसतील एवढी जागा रिकामी.

मावशी बाहेर म्हणाली, "हिंदूशी लग्न केलं नं, आता ती आपली नाही. सीधी बात है."

ताई म्हणाली, "मी आता येतच नाही रे."

तसाच फादरांना गाठलं. ते म्हणाले, "बाप्तिस्मा पुसला जात नसतो, बाबू. ती कॅथलिकच आहे. कम्युनियनची पवित्र भाकर मात्र बिशपांनी लग्नाला मान्यता दिल्यावर."

"अन् तिच्याजवळ बसायला?"

"त्याला काहून मान्यता लागते?"

मग? कठीण ते बिशप बघतील, सोपं तेवढं मावशीला कळू नये? मदन महालकडे भटकायला निघालो होतो, अर्ध्यातून परतलो. ती रिकामी जागाच दिसून राहिली होती. ताईला सांगून आलो, पुढच्या रविवारी यायचंच. मी बायकांच्या बाजूला, तिच्या शेजारी बसणार. मावशीनं कान पिळला तरी उठणार नाही.