हात बरे असण्याचे आठ महिने

मी, नूतन योगराज सोनवणे, वय एकसष्ट, राहणार कोसाड, सुरत, माझी अखेरची इच्छा सांगून हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. बोटे वाकडी झाली असली तरी डोके सरळ चालते. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. दीर छगन यांना माझे पती कै. योगराज यांचे मनगटी घड्याळ द्यावे. "वहिनीच्या पोटात जंत भाड्याने राहतात," असे ते नात्यातल्या एका लग्नात भर मांडवात म्हणाले होते. मी विसरलेले नाही. पण पांडेसऱ्याच्या मिलमधून आल्यावर योगराज कोसळले, तेव्हा त्यांना उचलून तीन मजले उतरवणारे छगनच होते.

२. शेजारीण उषाबाई साक्षीदार असल्याने त्यांना यात काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून माझे शिलाई मशीन आजच त्यांच्या घरी पोचवले आहे.

३. कोसाडची खोली, बँकेतील ठेव व दागिने मुलगी धनश्री हिला. ती एडिंबरोत असते. संधिवात झालेल्या उंदरांना जंत दिले की त्यांच्या पेशी कशा वागतात, हे ती तपासते. हे काम तिने का घेतले ते मला माहीत आहे.

मला तिशीच्या आतच संधिवात धरला. साडीवर चमकीच्या टिक्या लावायचे काम सुटले. २००३ साली आई आजारी म्हणून पारोळ्याजवळच्या माहेरी आठ महिने राहिले, अनवाणी शेतात राबले. तिथे मनगटांची सूज उतरली. धनश्री नऊ वर्षांची होती. रोज सकाळी मी तिच्या दोन वेण्या घालत असे. सुरतेला परतल्यावर तपासणीत रक्त कमी निघाले, पोटात जंत निघाले. डॉक्टरांनी गोळी दिली, जंत गेले, आणि काही महिन्यांत बोटे पुन्हा आखडली. "मम्मी, वेणी का नाही घालत आता?" असे ती विचारायची.

मोठी झाल्यावर तिनेच मला समजावले. शरीराच्या राखणदार पेशी चुकून आपल्याच सांध्यांवर उठतात. अनवाणी पायांतून शिरलेल्या जंताला पोटात टिकायचे असते, म्हणून तो त्यांना आवरणाऱ्या पेशी वाढवतो. उंदरांत असे दिसते; माणसांत अजून खात्री नाही.

२०१९ मध्ये ती सुट्टीला आली तेव्हा मी म्हटले, "मला दे ते जंत."

"नाही मम्मी. तुझ्या एकटीच्या आठ महिन्यांवरून काही सिद्ध होत नाही."

"उंदरांना देतेस, आईला नाही?"

"उंदीर मेला तर मी दुसरा आणते."

"मग आईही दुसरी आण," असे मी म्हणाले. ती गेली, त्यानंतर आलेली नाही. दर रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवते.

४. हे तिला सांगितलेले नाही, ते येथे सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात मी मुद्दाम माहेरी गेले. संधिवाताच्या गोळ्या बंद केल्या. लोक जिथे शौचाला बसतात त्या बांधावर दोन महिने अनवाणी चालले. जंत झाले. हात सुधारले नाहीत, उलट बोटे आणखी वाकली. परत आल्यावर जंतांनी रक्त इतके कमी केले की चक्कर येऊन जिन्यात पडले. "हाई काय करी लिधं बाई तू?" म्हणत उषाबाईंनी दवाखान्यात नेले, तीन बाटल्या रक्त चढवावे लागले. धनश्री, तुझे बरोबर होते. पण मला जंत नको होते गं. मला त्या सकाळी हव्या होत्या.

५. त्या दवाखान्याचे सगळे कागद लोखंडी कपाटात आहेत. तुझ्या अभ्यासाला उपयोग झाला तर घे. माझे नाव लिहिलेस तरी चालेल.

६. खोली मिळण्यासाठी धनश्रीने चाळीस दिवस येथे येऊन राहावे, अशी अट मी आधी घातली होती. वकिलांनी ती टाईपही केली. वाचून दाखवली तेव्हा मी ती काढून टाकायला सांगितली. खोली विकावी, भाड्याने द्यावी, आली तर उघडावी. अट नाही.

वरील मजकूर वाचून दाखवला. तो माझाच आहे. वकील अंगठा चालेल म्हणाले. मी सहीच केली, वेळ लागला.

(सही) नूतन योगराज सोनवणे

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. उषाबाई चिंधा महाजन, कोसाड
२. कुंदन लोटू पाटील, कडोदरा

सुरत, १४ नोव्हेंबर २०२५