तळहातावरचा स

बाई,

तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली, की आपली बालवाडी चिंचेखाली भरायची की कडुनिंबाखाली, यावरून माझा आणि भावाचा वाद होतो. मी म्हणते चिंच, कारण तिची आंबट पानं आम्ही खायचो आणि तुम्ही रागवत नव्हतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची ती कॉलनी तेव्हा नवी होती. बालवाडीला एकच खोली, तीही तुम्ही बहुतेक बंदच ठेवायचात. दिवाळीपर्यंत पाटी हातात मिळायची नाही. कुणी पालक कुरकुरले तर म्हणायचात, "आधी कानाला कळू दे. हात काय, मागून येतो." चुन्याने जमिनीवर मोठी रिंगणं आखायचात, प्रत्येकात एक अक्षर. तुम्ही आवाज काढायचा आणि आम्ही त्या रिंगणाकडे धावत सुटायचं. मला तो खेळ फार आवडायचा. मी तुमच्या ओठांकडे बघायची, आणि ओठांवरून नाही कळलं तर बाकीची पोरं पळतील तिकडे पळायची. सगळे असंच खेळतात, असं मला वाटायचं. चार वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार?

एका सकाळी तुम्ही आमच्या मागे जाऊन उभ्या राहता. एकेकाची पाळी आहे. मी समोर बघत उभी आहे, माझी पाळी कधी येणार म्हणून. पोरं हसायला लागतात, तेव्हा कुठे मी वळते. तुम्ही हसत नाही. पुढे येता, पदर तोंडावर धरता. पदर जरासा हलतो, एवढंच मला दिसतं. मग पदर सोडून माझ्या केसांवरून हात फिरवता आणि पुढच्या मुलाला बोलावता.

त्याच संध्याकाळी तुम्ही घरी आलात. बाबा टर्बाइनवर कामाला होते. मशीनशेजारी ओरडून बोलायची सवय घरीही सुटत नव्हती, आणि त्यांच्यामुळे आईचाही सूर वरचाच. आमच्या घरात हळू कुणी बोललंच नाही, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तुम्ही चहा नको म्हणालात आणि सरळ विषय काढलात. आई उखडली. "माझी पोर बहिरी नाय, बाई. हट्टी हे, लय हट्टी. असलं नाव एकदा कॉलनीत झालं की जन्मभर पुसायचं नाय." दुसऱ्या दिवसापासून तिने माझी बालवाडी बंद केली.

तुम्ही भांडला नाहीत. दुपारी मुलं घरी गेली की आमच्या पायरीवर येऊन बसायचात. आई नळावर भांडी घासायची, मी मातीत खेळायची. तो विषय तुम्ही काढत नव्हतात. आईच सांगायची पुढे, की असे बरेच दिवस गेल्यावर एकदा तुम्ही म्हणालात, "एक करा. देवळात शेजारणीशी बोलता ना, तेवढ्याच आवाजात हिला मागून हाक मारा."

आईने हाक मारली. मी माती चाळत राहिले. तिने पुन्हा मारली, मग जवळ येऊन पुन्हा. मला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी मागून मला एकदम कवटाळलं आणि राखेचे ओले हात माझ्या फ्रॉकला लागले. चेहरा दिसत नव्हता. पाठीला तिची छाती हललेली कळत होती.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली, मशीन मिळालं. छातीशी पिशवीत बांधायचं, वायर कानात. त्यातून ढोबळ आवाज यायचे, बारीक नाहीतच. ते तुम्ही मला त्याच झाडाखाली दुसऱ्या वाटेने दिलेत. प म्हटलं की हातावरचं पान उडतं. ब ला गळा थरथरतो, म ला नाक. आणि स साठी माझा तळहात नळाखाली ओला करून त्यावर तुम्ही तो लांबवर सोडायचात. गार, सरळ, सुतासारखा. हळूहळू बाकीची पोरंही हात ओले करून रांगेत उभी राहायला लागली. आई मला पोचवायला यायची, ती काही दिवसांनी तिथेच बघत थांबायला लागली. आणि मग एक दिवस दारातल्या बायकांना तिने स्वतःच सांगितलं, "हिला कमी ऐकू येतं. समोर येऊन बोलत जा."

मी दहावीला असताना तुम्ही गेलात. आता मी इंदिरानगरला राहते. मागच्या महिन्यात मुलीने नवं मशीन घेऊन दिलं, कानामागे दडणारं. त्यात पहिल्यांदा स कानाने ऐकला. इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं. माणसांचे आवाजही मी धरून चालले होते त्याहून निराळे निघाले. आईचा तर चिरका आहे, आणि मला तो आवडला.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या अंगणात बायका म्हणत होत्या, बाईंचा आवाज किती गोड होता. मीही रडत रडत "हो" म्हणाले. तुमचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही, बाई. आईला विचारलं तर सांगेल. पण तिला वाटतं, मला तो आठवतो.