टाक्याचं पाणी आणि मंदाचा पाय

१८ एप्रिल १९७९
...सडा टाकून झाला होता, चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं, मी गोठ्यातलं शेण काढत होते. हे नव्या टाक्याच्या काठावर बसून दात घासत होते. म्हणाले, "पोरंबाळं पोहतीन यात." मी म्हटलं, "संत्र्याले पाणी पुरलं तं खूप झालं." इतकंच बोलणं. साधी सकाळ. आज टाक्यावर वाकले तर तीच आठवली. हे जाऊन तिसरा उन्हाळा.

पाणी पुन्हा हिरवट. परवा दुधासारखं पांढरं होतं. ब्लिचिंग पावडर जास्त झाली की मंदाचे डोळे लाल, कमी झाली की शेवाळ. सकाळी टाकली तर ऊनच खाऊन टाकतं, म्हणून दिवस मावळल्यावर टाकायची. पिशवी उघडी राहिली की पावडरीचा जोरच जातो. काल कोणी उघडी ठेवली? कोणीच नाही. या घरात सगळं आपोआप होतं.

२० एप्रिल
नातीच्या पायासाठी हा खटाटोप. पोलिओने मंदाचा उजवा पाय बारीक राहिला. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात चालवा. पण तिचा कान जुना वाहणारा, तेव्हा पाणी स्वच्छ पाहिजे. काचेची नळी दिली, औषधाची बाटली दिली. नळीत टाक्याचं पाणी, त्यात औषधाचे थेंब. पिवळं आलं म्हणजे पावडर पुरेशी. रंग नाही आला तर पोरीला उतरवायचं नाही.

कमलने, माझ्या लेकीने, चंद्रपूरहून आल्याबरोबर बजावलं, "आई, हिचा कान पुन्हा फुटला तं मी हिले घेऊन चंद्रपूरले चालली. मंग पाय गेला खड्ड्यात."

जाऊबाईंनी न विचारता तुरटी फिरवली. म्हटलं, तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. "बरं झालं सासू वर गेली," म्हणाल्या, "नाई तं तिलेही शिकवलं असतं तू."

२३ एप्रिल
मंदाने काठ सोडला! छातीभर पाण्यात एकटी उभी. "आजी, माहा पाय काऊन हलका झाला?" कमल तोंड फिरवून कपडे वाळत घालत होती. ओलेच पिळे दोरीवर टाकले, झटकलेसुद्धा नाहीत.
यांनी पाहायला...

२५ एप्रिल
जाऊबाईंच्या सुनेचं बाळंतपणानंतरचं विहीरपूजन. बायका आल्या, गाणी झाली. हळदीकुंकवाचं काम, मी मागच्या खोलीत तूर निवडत बसले. आता सवय आहे. म्हणजे तशी नाही.
संध्याकाळी खालच्या पायरीवरून नळी भरली. छान पिवळी. पावडर टाकली नाही.

२७ एप्रिल
मंदाचा कान फुटला. रात्रभर रडली. 

पण काल, परवा, दोन्ही दिवस नळी पिवळी होती! डोकं फिरायची पाळी. दुपारी पुन्हा टाक्यावर गेले, नळी भरली आणि औषध घरातच राहिल्याचं लक्षात आलं. पाणी थेंबांशिवायच पिवळं. खाली पाहिलं तर पायरीवर हळदीचा थर, अक्षता, विड्याचं पान.

जाऊबाईंना विचारलं, विहिरीवर का नाही गेल्या?
"बाळंतीण पोरगी, तिले त्या चढावर नेऊ का? पाणी त्याच विहिरीचं तं हाय."
"मले सांगाचं होतं."
"तू आतमधी होती. अशा कामात तुले कोण बोलावते?"
लागेल असं बोलायचं म्हणून बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. आणि मी तरी! आधी कोरं पाणी पाहावं हे सुचू नये?

२ मे
कान सुकला. डॉक्टर म्हणाले, पाणी नीट असेल तर उतरवा. 'असेल तर' एवढंच कमलने ऐकलं.

चार दिवस बादल्यांनी पाणी संत्र्याला घातलं, पायऱ्या घासल्या. विहीर तळाला गेलेली, मोटार थोडी चालते की हवा ओढते. तरी टाकं भरलं. संध्याकाळी पावडर बादलीत कालवून, निवळून वरचं पाणी टाक्यात ओतलं. आता नळी दोनदा भरते, एकदा कोरी, एकदा थेंब घालून.

कमलला दाखवायला नेली. तिने पाहिलीसुद्धा नाही. "त्या दिवशीही पिवळीच होती ना? उद्या दुपारच्या गाडीनं आमी चाललो. एवढा भरोसा हाय तुह्या पाण्यावर, तं तूच उतर ना आधी."
जाऊबाई हसल्या, "उतरते ते! नऊवारी लुगड्यानं!"
मंदा माझ्याकडे पाहत होती.

३ मे
सकाळी नळी पाहिली. कोरी स्वच्छ, थेंबांची पिवळी. मंदाला काठावर बसवलं. कमल दारात उभी होती. लुगडं खोचून टाक्यात उतरले, डोकं पाण्याखाली घातलं आणि डोळे उघडे ठेवले.