बारक्या, तुला बोलवायला कोणी आलं नाही

माझ्या बारक्या,

उद्या होळी. सकाळपासून तेच तेच बोलत घरात फिरतोय. तुझी वहिनी म्हणाली, "माझं डोकं खाऊ नका, काय बोलायचं ते त्याच्याशी बोला." म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षराला हसू नकोस. तुझं तरी कुठं मोठं चांगलं होतं?

तुला कोणीतरी रस्त्यात मारील, या भीतीनं मी म्हातारा झालो. गाडीचा आवाज आला की दारात, नाही आला तरी दारात. आणि भादव्यात तू गेलास तो घरच्या खाटेवर, साखरेनं पाय सडून, माझ्या हातून पेज पीत. देवाचे उपकार मानावेत का, तूच सांग.

मुरबाडला खडीच्या गाडीवर क्लीनर लागलास तेव्हा आईनं गावात पेढे वाटले होते. मग बंगलेवाल्यांची जमिनीची खरेदी सुरू झाली. जे कूळ उठत नसे, त्याच्या दारात तू जमवलेली पोरं जाऊन बसू लागली. वैशाखऱ्यापासून शहापूरपर्यंत लोक तुला भाई म्हणायला लागले. मोठमोठे लोक चपला काढून आपल्या ओटीवर चढायचे आणि मी आतून विचारायचो, "बारक्या, जेवलास का?" पोरं हसायची. तू हसायचा नाहीस. "दादा, आलोच," म्हणायचास आणि खरंच यायचास.

त्याच भरात तू पांडूतात्यांचा मान घेतलास. गावची होळी पेटवायचा मान त्यांच्या घराचा, त्यांच्या आज्यापासूनचा. गाव वाजंत्री लावून त्यांच्या दारात जायचं, नारळ द्यायचं, त्यांना घेऊन यायचं. त्या वर्षी तू गाडीतून उतरलास आणि भरल्या गावासमोर त्यांच्या हातातली पेटती चूड काढून घेतलीस.

"तात्या, थकलात तुमी. आता आमी बगतो."

तात्या घरी गेले, ते पुन्हा होळीवर आले नाहीत.

पण बारक्या, त्यानंतर इतक्या होळ्या पेटवल्यास, एकदा तरी वाजंत्री आपल्या दारात आली? तू आपणहूनच जायचास. मान चुडीत असतो, असं तुला कोणी सांगितलं रे?

पुढे एका कुळाला तुझ्या पोरांनी मारलं, तो वाचला नाही. कोर्टात त्याची बायको माझ्यासमोर बसायची. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो आणि तुझ्याकडेही. तू जेलात गेलास, पोरं दुसऱ्याच्या दारात गेली. सुटलास तेव्हा न्यायला मी एकटाच, डब्यात भाकरी नि सुकटीची चटणी घेऊन. रिक्षातच डबा संपवलास.

गेल्या होळीला तू पांढरे कपडे घालून ओटीवर बसलास. पाय सुजलेला, तरी चप्पल चढवली होतीस. वाजंत्री रस्त्यावरून आली नि पुढं निघून गेली. एकेकाळी तुझी गाडी चालवणाऱ्या, आता ती पोरं ज्याच्या मागं फिरतात त्या भगवानानंच होळी पेटवली. तू म्हणालास, "दादा, पंखा लाव." एवढंच. वाट बघत होतास ना?

आता तोच भगवान दारात येतो. "दादा, चूड तुमी धरा. मान भाईच्या घरातच ऱ्हायला पायजे."

"घराला वर्साचा दुखवटा हाय, भगवान. आमाला सण नाय."

"मंग मी धरतो तुमच्या नावानं. पन तात्याच्या दारात गेलात तर बगा."

बगा म्हणजे काय बघायचं?

तरी परवा गेलो. तात्या वालाच्या शेंगा सोलत होते. मी म्हटलं, होळीला या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुजा भाऊ मान मागायला आला असता, तर शेजारी उभा केला असता रे त्याला. एका चुडीला दोन हात लागत नाय काय?" मग म्हणाले, "आन मी असा कसा येऊ? बोलावनं लागतं. नारळ कोन आननार? सगळी भगवानाला भितात."

"मी आनीन," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू?" तात्या हसले. "तू तर मांजराला भितोस."

वाजंत्रीवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "तुमी पुढं चाललात तर वाजवतो." म्हणजे पुढं मीच. दुखवट्यात चूड धरत नाहीत, नारळ न्यायला कोणाची हरकत नसते, हे दोघातिघांना विचारून घेतलं. कोणीतरी हरकत आहे म्हणेल, अशी आशा होती, खोटं कशाला बोलू?

तर बारक्या, उद्या सांजेला मी तात्यांच्या दारात जाणार. हे बोलावणं तुझ्या घरून आहे, असं गावासमोर सांगून नारळ त्यांच्या हातात देणार. यानं तुझी अब्रू जाईल असं समजू नकोस. भगवान आडवा आला तर मी थांबेन, तो बाजूला होईपर्यंत उभा राहीन. परत फिरणार नाही.

तुझा घाबरट
दादा