मॉडल सेम है

मंगळवार, ८ फेब्रुवारी २००५, छत्रीबाग

राग अजून उतरलेला नाही. मिल बंद झाल्यावर बाबांनी मिळालेल्या पैशांतून मला दोन कॉम्प्युटर घेऊन दिले, त्यावरच घरी क्लास चालवते. दोन्हींवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम. परवा उद्याच्या इंटरनेटच्या धड्यासाठी यूएसबीला लावायचे दोन वायरलेस अडॅप्टर आणले, एकाच मॉडेलचे. एक लगेच चालला, दुसऱ्याला तो चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रामच लागेना.

आज दुपारी दुकानात विचारायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, मॉडल सेम है. आपको चलाना नहीं आता."

मला चालवता येत नाही? मला?

घरी येऊन पाहिलं, तर कॉम्प्युटरवर दिसणारे दोन्हींचे हार्डवेअर नंबर वेगळे. मग चाकूनं दोन्ही उघडले. आतली चिपच निराळी! कंपनीनं नाव तेच ठेवून आतला माल बदलला, आणि अडाणी मी?

संध्याकाळी दोन्ही त्याच्या काउंटरवर आपटले. तो म्हणतो, "खोल दिया? अब वापस नहीं होगा."

न उघडता दाखवणार कशी होते?

शेजारी एक काका तोच अडॅप्टर घेत होते. मी मोठ्यानं म्हटलं, "काकाजी, मॉडल सेम आहे, आतला माल नाही. हे बघा." काकांनी पाहिलं आणि डबा परत सरकवला.

ते वाचले. माझा क्लास उद्या एकाच कॉम्प्युटरवर.